मार्गळीतलं मैलापूर

सवाई गंधर्व महोत्सव डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आटोपतो आणि चेन्नईचा संगीताचा मोसम १५ डिसेंबरनंतर ऐन भरात येतो. गाण्याचं वेड आणि थोडी रजा दोन्ही शिल्लक असेल, तर पुण्यातून थेट चेन्नईची गाडी धरता येते. मावशीच्या मनात हे फार दिवसांपासून होतं. ती सवाईची जुनी श्रोती, उशी आणि थर्मास घेऊन बसणाऱ्यांपैकी. कर्नाटक संगीताबद्दलचं तिचं मत मात्र एका वाक्यात संपायचं : "गातात छान, पण सारखी घाई." ते मत जागेवर जाऊन तपासू, असं मी म्हटलं आणि नोव्हेंबरअखेरीस कागद-पेन्सिल घेऊन बसले.

सवाईत मांडव एकच. कोणानंतर कोण हे आयोजक ठरवतात, आपण फक्त बसायचं. चेन्नईत मांडव नाही, सभा आहेत. सभा म्हणजे गाणं ठेवणारी संस्था आणि बोलण्यात तिचं सभागृहसुद्धा. मैलापूर, आळ्वारपेट, टी. नगर, ट्रिप्लिकेन अशा भागांत त्या पसरलेल्या. प्रत्येकीत दुपारपासून रात्रीपर्यंत तीन-चार कच्चेरी, म्हणजे मैफली. एकाच वेळी चार ठिकाणी ऐकण्यासारखं काही ना काही चालू असतंच, तेव्हा आपण काय सोडणार हे आधी ठरवावं लागतं. मी रंगीत पेनांनी संध्याकाळचे मोठे कलाकार आखत गेले आणि तासाभराने तो कागद फाडून टाकला. संध्याकाळच्या मोठ्या नावांमागे लागलं तर अर्धा दिवस रिक्षात आणि उरलेला रांगेत जाणार, हे नकाशावरून उघड दिसत होतं.

मग उलटं केलं. राहायचा भाग आधी ठरवला : मैलापूर. इथून फाइन आर्ट्स क्लब, रसिक रंजनी सभा, भारतीय विद्या भवन, रागसुधा हॉल पायी गाठता येतात. म्युझिक अकादमी आणि नारद गान सभा टी. टी. के. रोडवर, रिक्षाने जवळच. टी. नगरची कृष्ण गान सभा आणि वाणी महाल थोडे लांब, आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ साली उभं केलेलं कलाक्षेत्र दक्षिणेला तिरुवान्मियूरला. ही लांबची ठिकाणं मी सरळ बाजूला ठेवली. दुसरं, आखणी दुपारभोवती केली. दुपारच्या कच्चेरी बहुतेक ठिकाणी बिनतिकिटाच्या असतात, तरुण कलाकारांच्या, आणि तिथे जागा मिळते. चारची आणि सातच्या सुमाराची मैफल तिकिटाची. ती एखाददुसरी धरायची, मिळाली तर.

हवामानाचाही विचार लागतो. चेन्नईला मोठा पाऊस आपल्यासारखा जूनमध्ये येत नाही. ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो. २०१५ चा पूर डिसेंबरच्या सुरुवातीचा. २०१६ मध्ये वरदा चक्रीवादळ १२ डिसेंबरला आलं, २०२३ मध्ये मिचाँग पहिल्याच आठवड्यात. म्हणून १५ तारखेच्या पुढे जावं, आणि तरीही छत्री घ्यावी.

हे सगळं डिसेंबरातच का, याचं उत्तर थंडीत आहे तसं राजकारणातही आहे. १९२७ च्या डिसेंबरात मद्रासला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याला जोडून संगीत परिषद झाली आणि तिच्यातून १९२८ साली म्युझिक अकादमी निघाली. अकादमीचा वार्षिक सोहळा डिसेंबरात पक्का झाला आणि बाकीच्या सभाही हळूहळू त्याच्या भोवती जमल्या.

शनिवार-रविवार

पुण्याहून रात्रीची गाडी. सोलापूर झोपेत गेलं, वाडी अर्धवट झोपेत. जाग आली तेव्हा बाहेर रायचूरकडचा कोरडा मुलूख होता आणि समोरच्या बाकावर तेलुगू सुरू झाली होती. गुंतकल, कडप्पा, रेणिगुंटा. विमानाने दोन तासांत होणारं काम हे, पण मावशीला गाडीच हवी होती : "भाषा बदलताना ऐकू आली पाहिजे." अरक्कोणमनंतर तमिळ. दिवस कलताना चेन्नई सेंट्रल.

मैलापूरला आमचा मुक्काम एका घरातल्या वरच्या मजल्यावर होता. घरमालकीणबाईंना सगळे 'मामी' म्हणत, म्हणून आम्हीही. लस चौकाकडे मेट्रोच्या कामाचे पत्रे लागले होते, रिक्षावाल्याने कुठून कुठून वळवून आणलं. मामींनी चहा विचारलाच नाही, कॉफी आणली, पितळी डबऱ्यात ठेवलेल्या पेल्यातून. मावशीने ती डबऱ्यात ओतून, परत पेल्यात घेऊन, फेस आणून दाखवला. यूट्यूबवर शिकून आली होती, हे मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या माड रस्त्यांवरून एक फेरी मारली. मार्गळी लागलेली. हा तमिळ सौर महिना साधारण १६ डिसेंबरला सुरू होतो आणि पोंगलच्या आदल्या दिवशी संपतो. फुलं, पितळी भांडी, भरतनाट्यमचे खोटे दागिने, कोलमच्या, म्हणजे तिकडच्या रांगोळीच्या, पिठाची पाकिटं. गाणं उद्यापासून.

सोमवार

पहाटे पाचच्या आधी मावशीने हलवलं. "ऊठ, खाली कुणीतरी गातंय." मामींच्या दारात कोलम घालून झालं होतं, मधोमध शेणाच्या गोळ्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. रस्त्याच्या टोकाकडून भजनी मंडळी येत होती. पेटी गळ्यात अडकवलेली, झांजा, एक मृदंग, आठ-दहा माणसं. देवळाभोवती असं गात फिरायची मैलापूरची जुनी चाल आहे. रचनाकार पापनाशम् शिवन् यांनी ही मार्गळी भजनं अनेक वर्षं चालवली. वैष्णव संत-कवयित्री आंडाळची तिरुप्पावै ही तीस पदांची, मार्गळीत रोज एक म्हणायची. मावशी काकड आरतीच्या सवयीने मंडळींच्या मागोमाग निघाली, चपला न घालता. मी तिच्या चपला हातात घेऊन मागून.

आठ वाजता म्युझिक अकादमीत. इथली सकाळ म्हणजे व्याख्यान-प्रात्यक्षिकं, आणि मला विचाराल तर सगळ्या मोसमातली ही सगळ्यात उत्तम गोष्ट. तिकीट नाही. मोठे गवय्ये साध्या कपड्यांत पहिल्या रांगांत बसून टिपणं घेतात आणि नंतर उठून शंका विचारतात, कधी तोडूनही बोलतात. त्या दिवशीचा विषय एका दुर्मीळ रागाच्या जुन्या स्वरलेखनाचा होता. बोलणाऱ्या बाई सतत सुब्बराम दीक्षितरांच्या 'संगीत संप्रदाय प्रदर्शिनी'चा आधार देत होत्या. हा ग्रंथ १९०४ साली तमिळनाडूतल्या एट्टयपुरमहून निघाला. त्याच वर्षी मुंबईचे वकील विष्णू नारायण भातखंडे दक्षिणेचा दौरा करत एट्टयपुरमला जाऊन याच सुब्बराम दीक्षितरांना भेटले होते. जुने शास्त्रकार व्यंकटमखी यांची रागांच्या वर्गीकरणाची ७२ मेळांची पद्धत त्यांनी तिकडे नीट समजून घेतली आणि पुढे आपल्याकडे दहा थाटांची मांडणी केली. मावशीला हे मी कानात सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आपण शाळेत पाठ केलेले थाट इथून गेले?" मागच्या रांगेतून "श्श" आलं.

बाहेर आल्यावर त्या दिवसाच्या तिकिटांची रांग होती. आम्ही तिच्याकडे न पाहता कँटीनला गेलो.

कँटीनबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण चेन्नईत सभेची प्रतिष्ठा तिच्या ध्वनियंत्रणेइतकीच तिच्या कँटीनवर मोजली जाते. मोसमापुरते आचारी येतात, मांडव घालतात. या वर्षी कुठल्या सभेत कोणाचं स्वयंपाकघर आहे याची चर्चा कोणाची कच्चेरी किती रंगली याच्या बरोबरीने चालते. गाण्याशी काही देणंघेणं नसलेली कुटुंबंही नुसती जेवायला येतात. केळीच्या पानावरचं जेवण, केळफुलाचा वडा, पालेभाजीचा वडा, रवा डोसा, काशी हलवा. हा काशी हलवा म्हणजे कोहळ्याचा, आणि तुपाच्या बाबतीत त्याचं मन फार मोठं असतं. संध्याकाळी सहाला रांग लावणं मात्र वेडेपणा आहे. साडेअकराला पहिल्या पंगतीला जावं. वाढपी ताजा, सांबार गरम, आणि बारा-साडेबाराच्या कच्चेरीला आपण वेळेवर.

दुपारी फाइन आर्ट्स क्लबमध्ये एक पंचविशीच्या आतली मुलगी गात होती. श्रोते चाळीसेक, त्यातले निम्मे पंख्याखालच्या खुर्च्या शोधण्यात गुंतलेले. आलापनेची पहिली ओळ आली आणि मावशी ताठ झाली. "मालकंस!" ती जवळजवळ मोठ्याने म्हणाली. कर्नाटकातलं त्याचं नाव हिंदोलम. दुपारचा एक वाजला होता. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत मालकंस. आपल्याकडे मध्यरात्रीशिवाय कुणी त्याला हात लावत नाही. कर्नाटक पद्धतीत रागांच्या वेळांचे काही संकेत आहेत, पण मैफलीत ते बंधन म्हणून पाळत नाहीत. मैफल कशी चढत जाईल, कुठल्या रागाशेजारी कुठला शोभेल, यावर निवड होते. मावशी पहिली दहा मिनिटं अस्वस्थ होती. मग तिने डोळे मिटले. मिटल्यावर वेळ कोणती हे कळत नाही, हा उपाय तिचा तिने शोधला.

शेजारी एक वयस्क गृहस्थ मांडीवर ताल धरून होते. आदि ताल : एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, नंतर टाळी-पालथा हात, पुन्हा टाळी-पालथा हात. आठ मात्रा. मावशी चोरून बघत होती, हे त्यांच्या लक्षात आलं. काही न बोलता त्यांनी हात थोडा तिच्या बाजूला सरकवला आणि बोटं जरा ठळक मोजायला लागले. तिसऱ्या आवर्तनाला मावशी जुळली, पाचव्याला सुटली, पुन्हा जुळली. इथे सगळं सभागृह असं मोजत असतं, त्यामुळे गायकाने सम चुकवली तर शंभर मांड्यांना कळतं.

मग तनी आवर्तनम् सुरू झालं. मृदंग आणि घटम् यांचं स्वतंत्र वादन, मुख्य कृतीच्या, म्हणजे रचनेच्या, पोटात येतं. आणि लोक उठले. पाच-सहा जण नव्हे, रांगाच्या रांगा. पिशव्या उचलून शांतपणे कँटीनकडे. हे इथे नेहमीचं आहे, आयोजक दरवर्षी विनंत्या करतात आणि दरवर्षी लोक उठतात. मावशीला भयंकर राग आला. "सवाईत तबल्याला असं कुणी उठून दाखवावं!" मला वाटतं त्या रागामुळेच ती पुढे सरकून पहिल्या रांगेत बसली. मृदंगवादक मुलाने वादनाआधी डाव्या पुडीला रव्याचा ओला गोळा लावला होता, आपल्या पखवाजाला कणीक लावतात त्याच कामासाठी. घटम् वाजवणारा मडकं पोटाशी धरून कधी तोंड मोकळं, कधी बंद करत होता. चांगलं घटम् मानामदुरैच्या मातीचं, असं शेजारच्या आजोबांनी नंतर सांगितलं. ते उठले नव्हते.

रात्री मामींनी विचारलं, काय काय ऐकलंत. मावशी म्हणाली, "एक मालकंस आणि एक मडकं. फार छान."

मंगळवार

सूर्योदयाला मरीना. मुंबई-कोकणाच्या माणसाला समुद्रावर सूर्य मावळताना बघायची सवय. इथे तो पाण्यातून वर येतो. मैलापूरहून दीपगृहाच्या बाजूला पोचायला फार वेळ लागत नाही, तरी मोसमात महिनाभर येऊन समुद्र न पाहता परत जाणारे रसिक असतात, असं मामी म्हणाल्या. विश्वास बसतो. सभागृहं वातानुकूलित, बंद, आणि समुद्राकडे पाठ केलेली.

वाळू पार करेपर्यंतच माणूस दमतो इतकी ती रुंद आहे. पाण्यात उतरू नये, ओढ जोरदार आहे. घोडेस्वार पोलीस तेच सांगत फिरत होते. २६ डिसेंबर २००४ ला, ऐन मोसमातल्या रविवारी सकाळी, याच किनाऱ्यावर त्सुनामी आली होती. किनाऱ्याच्या रस्त्यावर देवीप्रसाद रायचौधुरींचं श्रमिकांचं शिल्प आहे, पुतळ्यांच्या त्या लांबलचक रांगेतलं मला एकमेव थांबून बघावंसं वाटलेलं. पुढे ट्रिप्लिकेनच्या बाजूची वाळू. स्वातंत्र्य चळवळीत इथे सभा भरत, आणि त्या जागेला टिळकांचं नाव पडलं होतं : तिलगर तिडल, तिलक घाट. कवी सुब्रह्मण्य भारती टिळकांना मानणारे. ते याच ट्रिप्लिकेनमध्ये पार्थसारथीच्या देवळाजवळ राहायचे. त्या देवळातला कृष्ण मिशीवाला आहे. मावशीने मिशी दोनदा निरखून पाहिली आणि "सारथ्याला शोभते" असा निर्वाळा दिला.

दुपारी एक बासरी, ठीकठाक. संध्याकाळी पाय दुखत होते म्हणून काहीच नाही. मोसमात रिकामी संध्याकाळ ठेवणं लोकांना पाप वाटतं. मला ती गरज वाटते. कान भरतात.

बुधवार

हा दिवस माझ्या कागदावर पहिल्यापासून होता आणि त्यात एकही कच्चेरी नव्हती.

मांबलम स्थानकावरून चेंगलपट्टू लोकल घेतली. तांबरमपर्यंत गर्दी, पुढे खिडकी. वंडलूर, गुडुवांचेरी, मरैमलै नगर आणि मग सिंगपेरुमाळ कोविल. सव्वा तासाच्या आसपास लागतो. उतरलो आणि फलाटावरच्या बाकावर बसलो.

२७ ऑक्टोबर १९३७ ला किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब याच स्थानकावर वारले. मद्रासचे कार्यक्रम आटोपून पाँडिचेरीकडे निघाले होते. गाडीत अस्वस्थ वाटायला लागलं म्हणून इथे उतरले. शेवटची प्रार्थना त्यांनी तंबोऱ्याच्या साथीने दरबारीत म्हटली, असं सांगतात. त्यांचं पार्थिव मिरजेला नेलं. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसात गाणं होतं. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व. सवाई गंधर्व १९५२ साली गेले आणि भीमसेन जोशींनी त्यांच्या नावाने पुढच्या वर्षी महोत्सव सुरू केला, तोच मावशी उशी घेऊन गाठते तो.

खाँसाहेब दक्षिणेत नुसते गाऊन जाणाऱ्यांपैकी नव्हते. म्हैसूर दरबारात त्यांचं जाणं-येणं होतं, इथल्या सरगमेचा त्यांच्या गाण्यावर ठसा आहे, आणि त्यागराजांची कृती त्यांनी ध्वनिमुद्रितसुद्धा केली. किराणा घराण्याच्या गाण्यात जी सरगम आपण आपली म्हणून ऐकतो, तिच्यात या मुलखाचा वाटा आहे. मी हे सांगत असताना समोरून एक मालगाडी गेली, बराच वेळ. ती गेल्यावर मावशीने पिशवीतून चिवडा काढला. "खाँसाहेबांना मिरजेची माणसं भेटायला आली म्हणायची," ती म्हणाली. तिचं माहेर मिरजेचं.

स्थानकापासून चालत गेलं की नरसिंहाचं देऊळ आहे, पल्लवकाळात खडकात कोरलेलं. नरसिंहाच्या कपाळावर तिसरा डोळा. पुजारी कपाळावरचा नामाचा टिळा बाजूला करून दिव्याच्या उजेडात तो दाखवतात. देवळाला प्रदक्षिणा घालायची तर डोंगरालाच घालावी लागते. आम्ही घातली. परतीच्या लोकलमध्ये कॉलेजची मुलं कानात बोंडं घालून बसली होती आणि मावशी त्यांच्याशेजारी मांडीवर आदि ताल मोजत होती. करंगळी, अनामिका, मधलं.

गुरुवार

सकाळी लवकर बसंत नगर. इथला एलियट्स किनारा मरीनापेक्षा आटोपशीर. उत्तरेला अड्यार नदीच्या मुखाकडे ऊरूर-ओल्कॉट कुप्पम ही कोळ्यांची वस्ती. कर्नाटक गायक टी. एम. कृष्णा यांनी डिसेंबरच्या मोसमात गाणं २०१५ मध्ये सोडलं. सभांचं हे जग एका जातीपुरतं आणि एका वर्गापुरतं राहिलंय, ही त्यांची तक्रार. त्याच सुमारास त्यांनी मित्रांबरोबर या वस्तीत संगीत-नृत्याचा उत्सव सुरू केला. तिथे कर्नाटक संगीत, परै या ढोलावरचं आट्टम नृत्य, चेन्नईच्या वस्त्यांतली 'गाना' गाणी असं सगळं एका रंगमंचावर आलं. २०२४ साली अकादमीने त्यांनाच संगीत कलानिधी हा आपला मानाचा किताब जाहीर केला, तेव्हा काही नामवंत कलाकारांनी अकादमीच्या मंचाकडे पाठ फिरवली. त्या वादात मी इथे शिरत नाही. पण सभागृहात आठवडाभर आजूबाजूला बघितलं तर तक्रार हवेतली नाही, एवढं कुणालाही दिसेल. आपल्याकडच्या मैफलींच्या पहिल्या रांगा बघितल्या तर आपण फार बोलू नये हेही खरं.

संध्याकाळचं एक तिकीट मी इथे खर्ची घातलं. नारद गान सभा, एक ज्येष्ठ गायिका, मागच्या बाजूची जागा. काठाच्या कांजीवरम साड्यांची सळसळ, मोगरा, कुणाच्या तरी पिशवीत डब्याचा आवाज. सुरुवातीची रचना म्हणजे वर्णम्, मग छोट्या कृती, हंसध्वनी. हंसध्वनी मुत्तुस्वामी दीक्षितरांच्या वडिलांनी, रामस्वामी दीक्षितरांनी निर्माण केलेला मानतात. आपल्याकडे तो रुजवला भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँनी, मुंबईत बसून. मुख्य राग तोडी. मावशीने कार्यक्रमपत्रिकेत 'तोडी' वाचून मियाँ की तोडीची तयारी ठेवली होती. निघाले ते आपल्या भैरवीचे स्वर. "नावाला काय चाटायचंय," म्हणत तिने ऐकायला सुरुवात केली आणि पाऊण तास हलली नाही. निरवलमध्ये एकच ओळ गायिका पुन्हा पुन्हा घेत होती, दर वेळी नव्या जागेवरून. मावशीचं घाईचं मत माझ्या मते तिथेच गेलं, तिने कबूल केलं नसलं तरी.

शेवटाकडे तुक्कडे आले, हलक्या रचना. एक तमिळ पद झालं, आणि मग गायिकेने "विठ्ठल" म्हणून सूर लावला. नामदेवांचा 'तीर्थ विठ्ठल'. सभागृहात टाळ्यांचा ठेका सुरू झाला. कर्नाटक मैफलीत हा अभंग लोकप्रिय केला अरुणा साईराम यांनी, त्यांचा जन्म मुंबईचा. रंजनी-गायत्री या भगिनीही अभंग गातात, त्याही मुंबईत वाढलेल्या. पण नातं त्याहून जुनं आहे. तंजावरच्या मराठी राजवटीत आपलं कीर्तन तिकडे रुजलं. एकोणिसाव्या शतकात रामचंद्रबुवा मोरगावकर तंजावरला कीर्तनं करत. ती ऐकून तंजावूर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवा घाट दिला. साकी, दिंडी, ओवी ही आपली वृत्तं हरिकथेत आजही आहेत, आणि दक्षिणेच्या भजनसंप्रदायात अभंग ठरलेल्या जागी येतो. त्यामुळे हा परका पाहुणा म्हणून गायलेला तुकडा नव्हता.

उच्चार थोडे वेगळे होते. 'क्षेत्र'चा उच्चार तमिळ वळणाचा. मावशी आधी मान डोलावत होती, मग ओठ हलायला लागले, मग ती गायलाच लागली. पुढच्या रांगेतल्या एका अनोळखी मामीने वळून पाहिलं. मला वाटलं, आता "श्श" येणार. तिने विचारलं, "मराठी?" मावशीने मान हलवली. मामीने तिचा हात दाबला आणि दोघी पुढची ओळ मिळून म्हणाल्या, एकीचा 'ळ' घट्ट आणि दुसरीचा त्याहून घट्ट.

शुक्रवार

रात्रभर पाऊस, सकाळी रस्त्यात पाणी. अरुंडेल स्ट्रीटवरच्या रायर मेसला मोजकेच लोक एका वेळी आत घेतात, बाकीचे छत्र्या धरून बाहेर. इडली, पोंगल, घट्ट चटणी. थांबणं वसूल झालं. गाडी दुपारची, म्हणून आठचं व्याख्यान ऐकता आलं असतं, पण मावशीला चादरी हव्या होत्या आणि मामींनी सांगितलेलं एक दुकान.

जायच्या आधी मामींनी विचारलं, पुढच्या वर्षी कधी. मावशीने मी तोंड उघडायच्या आत सांगितलं, कृष्ण गान सभा आणि कलाक्षेत्र राहिलंय, तेव्हा पंधरवडा तरी हवा. खोली आत्ताच धरून ठेवा. मामींनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या शेवटच्या पानामागे पेन्सिलने लिहून घेतलं. सेंट्रलला जाताना रिक्षात मावशी मला म्हणाली, "आणि हे बघ, संध्याकाळची तिकिटं तू काढत बसू नकोस. दुपारचंच बघ."